मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेची एंट्री फी कशी ठरवायची

मुलांची बुद्धिबळ स्पर्धा घ्यायची ठरली की हॉल कुठला आणि फी किती हे दोन प्रश्न पहिल्याच मीटिंगला येतात, आणि फीचं उत्तर बहुतेक वेळा असं निघतं की बाकीचे किती घेतायत बघू, आपण तेवढीच ठेवू नाहीतर थोडी कमी. पण बाकीच्यांना हॉल फुकट मिळालेला असू शकतो, त्यांच्यामागे स्पॉन्सर असू शकतो, किंवा ते दरवेळी स्वतःच्या खिशातून भर घालत असतील, आणि यातलं काहीच त्यांच्या ब्रोशरवर छापलेलं नसतं. म्हणून दुसऱ्यांची फी बघायची ती अगदी शेवटी, आपला आकडा भलताच तर येत नाही ना एवढं तपासायला. सुरुवात आपल्या खर्चापासून.

त्याही आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की ही फी नक्की कोण भरतंय. स्विस पद्धतीत (दर राउंडला साधारण सारखे गुण असलेली मुलं समोरासमोर येतात), जी १८९५ साली झ्युरिकच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली, हरलं म्हणून कोणी बाहेर पडत नाही. ६० मुलं आली तर सगळीच्या सगळी शेवटच्या राउंडपर्यंत खेळतात, पण ट्रॉफी घेऊन घरी जातात त्यातली थोडीच. म्हणजे फीचा मोठा हिस्सा अशा घरांतून येतो ज्यांचं मूल बक्षिसात येणार नाहीये आणि बऱ्याचदा त्या आईबाबांना ते आधीच माहीत असतं, तरी ते पैसे भरतात कारण पोराला चांगले गेम खेळायला मिळावेत. त्यामुळे मी हे ठामपणे म्हणतो की फीच्या पैशातून आधी हॉल, आर्बिटर (म्हणजे पंच), पट, घड्याळं आणि वेळेवर सुरू होणारे राउंड भागले पाहिजेत, बक्षिसांचा नंबर त्यानंतर. शेवटच्या बोर्डावर बसलेल्या मुलाला भरलेल्या पैशाचं काय मिळालं, फी ठरवताना हा प्रश्न सारखा विचारत राहायचा.

आता खर्च. एक कागद घ्या नाहीतर एक्सेल उघडा आणि तीन कप्पे करा. पहिल्या कप्प्यात असे खर्च जे २० मुलं आली काय आणि १०० आली काय, तेवढेच राहतात, म्हणजे हॉलचं भाडं, टेबल-खुर्च्या, चीफ आर्बिटरचं मानधन, पेअरिंगचं (कोण कोणाशी खेळणार ते ठरवणारं) सॉफ्टवेअर, प्रिंटर, बॅनर, साउंड, सफाई, आणि ट्रॉफ्या (हो, ट्रॉफ्या इथेच, कारण त्या आधी जाहीर केलेल्या असतात आणि मुलं कमी आली म्हणून कमी करता येत नाहीत). दुसऱ्या कप्प्यात मुलामागे वाढणारे खर्च, सर्टिफिकेट, सहभागाचं मेडल देत असाल तर ते, बिल्ला, स्कोअरशीट, पाणी, ऑनलाइन पेमेंटचा कट, फेडरेशनला प्रत्येक खेळाडूमागे काही द्यावं लागत असेल तर ते. तिसरा कप्पा लोक विसरतात आणि तिथेच मार खातात: टप्प्याने उडी मारणारे खर्च. म्हणजे ६० पर्यंत एक सहायक आर्बिटर पुरतो पण ६१ वं मूल आलं की दुसरा लागतो, किंवा मोठ्या हॉलच्या शेजारची खोली घ्यावी लागते, किंवा आपल्याकडे ३० च सेट आणि ३० च घड्याळं आहेत आणि पुढची भाड्याने आणायची आहेत. अशी उडी कुठल्या आकड्याला बसते ते आधीच लिहून ठेवा, कारण ६१ ते ६५ एंट्र्या येणं हे कधीकधी ६० येण्यापेक्षा महाग पडतं, मग एकतर ६० ला एंट्री बंद करायची नाहीतर ७५ पर्यंत जोर लावायचा, मधे अडकायचं नाही.

सहायक आर्बिटरवर काटछाट करू नका, विशेषतः अंडर-८ आणि अंडर-१० मधे. त्या टेबलांपाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. एका पटावर काळ्याला शह बसलाय, त्याने तो बघितलाच नाही आणि भलतीकडचं प्यादं ढकलून घड्याळ दाबलं, समोरच्या मुलीने हात वर केला. आर्बिटर येतो, घड्याळ थांबवतो, प्यादं जागेवर ठेवतो, पहिली अवैध चाल म्हणून मुलीला दोन मिनिटं जादा लावतो, आणि मग त्या मुलाला हळू आवाजात सांगतो की दुसऱ्यांदा असं झालं तर गेम जाईल. एवढं होईपर्यंत शेजारच्या रांगेत आणखी दोन हात वर झालेले असतात, त्यातल्या एकाला फक्त बाथरूमला जायचंय आणि दुसऱ्याचं घड्याळ पडून बंद झालंय. मोठ्यांच्या ओपनमधे एक आर्बिटर जेवढे बोर्ड सांभाळतो त्याच्या निम्मेही तो इथे सांभाळू शकत नाही, तर तो खर्च फीमधे धरलेलाच पाहिजे.

पट, सोंगट्या आणि घड्याळं क्लबचीच आहेत म्हणून तो खर्च शून्य धरतात, तेही चुकीचं आहे. प्रत्येक स्पर्धेनंतर दोन-चार प्यादी गायब होतात, एखादा वजीर फुटतो, घड्याळांच्या बॅटऱ्या संपतात आणि तीन-चार वर्षांनी एकदम नवा लॉट घ्यायची वेळ येते तेव्हा खात्यात काही नसतं. प्रत्येक स्पर्धेतून थोडी रक्कम त्यासाठी बाजूला पडलीच पाहिजे, पहिल्याच कप्प्यात.

आता मुख्य गणित. आकडे नुसते उदाहरणाला आहेत, चलन आणि रक्कम तुम्ही तुमची घाला. समजा पहिल्या कप्प्याची बेरीज २४,००० झाली, मुलामागे खर्च १००, आणि ६० च्या पुढे गेलं की दुसऱ्या आर्बिटरचे २,००० वाढतात. तुम्हाला वाटतंय ८० मुलं येतील. तर ८० ने भागू नका. ८० ही आशा आहे, आणि नेमकी त्याच दिवशी कुठेतरी दुसरी स्पर्धा निघते, शाळेची परीक्षा पुढे ढकलली जाते, पाऊस येतो. असा आकडा घ्या की काहीही झालं तरी एवढी तर येतीलच, समजा ५०. मग ५० मुलांचा खर्च झाला २४,००० अधिक ५,०००, म्हणजे २९,०००, भागिले ५० केलं की ५८०. तर ६०० ठेवली की ५० मुलांत स्पर्धा स्वतःच्या पायावर उभी राहते आणि ८० आली तर ४८,००० जमा आणि ३४,००० खर्च, १४,००० शिल्लक. फक्त ४० आली तर ४,००० चा खड्डा, आणि तो कोण भरणार हे आयोजकांनी आधीच आपसात बोलून घ्यायचं, स्पर्धेच्या संध्याकाळी नाही.

पण थांबा, हे गणित अजून अर्धवट आहे, कारण सगळे ६०० भरतच नाहीत. भावंडांना सवलत असते, काहींची फी माफ केलेली असते, अर्ली एंट्रीवाले असतात. ५० पैकी ५ जणांची फी पूर्ण माफ, १० जणांना २५ टक्के सवलत आणि ३५ जणांनी पूर्ण भरली असं धरलं तर २१,००० अधिक ४,५००, हातात आले २५,५००. खर्च २९,०००. म्हणजे जी स्पर्धा कागदावर फायद्यात होती ती ३,५०० ने तोट्यात गेली, आणि कारण काय तर सवलती मनाने दिल्या पण गणितात धरल्या नाहीत. सवलती धरून उलटा हिशोब केला तर ३५ पूर्ण आणि १० जण पाऊण, मिळून साडेबेचाळीस फी होतात, २९,००० भागिले ४२.५ म्हणजे ६८२ च्या आसपास, मग ७०० ठेवा. सवलती कमी करा असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, त्या द्याव्यातच, पण आधी मोजून द्याव्यात.

फी माफीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण हे नीट नाही केलं तर मुलांना लागतं. फॉर्ममधे साधी एक ओळ ठेवा, फी भरणं अवघड असेल तर इथे टिक करा, बस. उत्पन्नाचा दाखला मागू नका, फोनवर चौकशा नकोत, आणि एंट्री लिस्टमधे त्या नावापुढे काहीही खूण नको. डेस्कवरच्या स्वयंसेवकालाही कळायची गरज नाही, त्याच्याकडे फक्त आलेल्या मुलांची यादी असावी आणि पैशाची यादी एकाच माणसाकडे. किती जागा माफ करायच्या त्याचा आकडा आधी ठरवा, आणि स्पॉन्सर मिळाला तर त्याला ट्रॉफीवर नाव देण्याऐवजी या जागा भरायला सांगून बघा, बरेच जण आनंदाने तयार होतात. उलट जास्त रेटिंगच्या (खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा) मुलांना फुकट एंट्री देण्याची पद्धत मला मुलांच्या स्पर्धेत पटत नाही. त्यांची फी मग नवशिक्यांच्या आईबाबांच्या पैशातून भरली जाते आणि वर बक्षीसही तीच मुलं नेतात. मुलींची संख्या वाढवायची म्हणून त्यांना कमी फी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, तीही सरासरीत धरून.

अकॅडमीवाले विचारतात, आमची १५ मुलं येतायत, काय कमी कराल. कमी करायला हरकत नाही, एकगठ्ठा एंट्री म्हणजे तुमचंही काम वाचतं, पण ती सवलत मुलांच्या घरापर्यंत पोचतेय का ते बघा. सोपा उपाय म्हणजे अकॅडमीला एक कोड द्या आणि पालकांनाच स्वतः कमी रक्कम भरू द्या, म्हणजे मधे कोणाकडे काही राहत नाही.

आता फीचा आकार राउंड आणि टाइम कंट्रोलवर (गेमला प्रत्येकाला किती वेळ) कसा फिरतो ते. पालक मनातल्या मनात फीला गेमच्या संख्येने भागतातच. ७०० मधे ५ राउंड म्हणजे गेममागे १४०, ७ राउंड म्हणजे १००. रॅपिडमधे, म्हणजे कमी वेळाच्या गेममधे, १५ मिनिटं अधिक चालीला १० सेकंद असा कंट्रोल असेल तर ६० चालींचा हिशोब धरून एका खेळाडूला २५ मिनिटं, म्हणजे गेम साधारण ५० मिनिटांचा, आणि एका दिवसात ६-७ राउंड बसतात. क्लासिकलला, म्हणजे लांब गेमला, ९० मिनिटं अधिक ३० सेकंद लावलंत तर तोच हिशोब माणशी दोन तास, गेम चार तासांचा, दिवसाला दोनच राउंड आणि हॉल तीन-चार दिवस. फी तिथे आपोआप दुप्पट-तिप्पट होते, आणि पालकांचं राहणं, प्रवास, सुट्टी हा खर्च तर तुमच्या कागदावर येतच नाही, पण घरातून तो जातोच. नवशिक्यांसाठी एक दिवसाची रॅपिड म्हणूनच बरी. राउंड किती ठेवायचे याला एक ढोबळ नियम आहे, ३२ मुलांपर्यंत ५ राउंड, ६४ पर्यंत ६ आणि १२८ पर्यंत ७ ठेवले तर शेवटी सगळे गेम जिंकलेलं मूल एकच उरतं. पण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही, हॉलचं भाडं दिवसाचं भरलेलंच असतं तर एक राउंड जास्त घातल्याने खर्च फारसा वाढत नाही आणि प्रत्येक मुलाला एक गेम जास्त मिळतो. तेवढ्याच पैशात देण्यासारखं याहून चांगलं मला तरी काही दिसत नाही.

स्पर्धा फिडे (बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना) रेटेड ठेवायची का हाही फीचाच प्रश्न आहे, कारण रेटिंगसाठी फेडरेशनची फी, मान्यताप्राप्त आर्बिटर, रजिस्ट्रेशन, सगळं वाढतं. मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० केली, आणि नवीन मुलाला रेटिंग लागायला रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध किमान ५ गेम व्हावे लागतात. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी खेळायला लागलेल्या मुलाकडून रेटेड म्हणून जादा फी घेतली तर त्याला बहुतेक वेळा त्यातून काहीच मिळत नाही. दोन सेक्शन करा, एक रेटेड आणि एक बिनरेटेड, फी वेगळी, हॉल तोच. आणि ब्रोशरवर साध्या शब्दांत लिहा की कुठला सेक्शन कोणासाठी, कारण नवीन पालकांना वाटतं महाग तेच चांगलं.

बक्षिसांचं गणित एकदा करूनच बघा. फिडेचे मुलांचे गट अंडर-८ पासून अंडर-१८ पर्यंत सहा, मुलं आणि मुली वेगळे धरले तर बारा, प्रत्येकी पहिले तीन म्हटलं तरी ३६ ट्रॉफ्या, पहिले पाच म्हटलं तर ६०. मग ६० मुलांच्या स्पर्धेत ६० ट्रॉफ्या, आणि एखाद्या गटात दोनच मुली आहेत तरी तीन ट्रॉफ्या टेबलावर. गट कमी करा, किंवा ब्रोशरवर लिहा की गटात किमान अमुक खेळाडू असतील तरच तो गट वेगळा धरला जाईल. कॅश प्राइज लहान मुलांना नकोच असं माझं मत आहे, मोठ्या गटांना ठेवायचं असेल तर समान गुण झाल्यावर रक्कम वाटून देणार की टायब्रेकने (बरोबरी सोडवायच्या नियमाने), ते आधी लिहा, कारण बुखहोल्झच्या (समोर खेळलेल्या खेळाडूंच्या गुणांची बेरीज, हा एक टायब्रेक) अर्ध्या गुणावरून बक्षीस गेलं की पालकांशी वाद होतात आणि ते मूल बाजूला उभं राहून सगळं ऐकत असतं. आणि जाहीर केलेलं बक्षीस नंतर कधीही कमी करायचं नाही. कमीत कमी जेवढी रक्कम ५० मुलांत परवडते तेवढीच पक्की म्हणून छापा, आणि खाली लिहा की एंट्र्या वाढल्या तर बक्षिसं वाढतील. वाढवलेल्याची तक्रार कोणी करत नाही.

अर्ली एंट्री आणि लेट फी या दोन्हींचा उपयोग पैशापेक्षा माहितीसाठी जास्त आहे. हॉल कुठल्या तारखेपर्यंत डिपॉझिट न बुडता रद्द करता येतो, ट्रॉफ्यांची ऑर्डर कधी द्यायची, त्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी अर्ली एंट्री संपली पाहिजे, म्हणजे हातात खरा आकडा असताना निर्णय घेता येतो. अर्ली एंट्रीची सवलत स्पर्धेच्या आदल्या आठवड्यापर्यंत चालू ठेवली तर तिचा काही उपयोगच नाही, सगळेच कमी फी भरतात. लेट फी मात्र चांगली बोचेल अशी ठेवा आणि स्पॉट एंट्री शक्यतो बंदच करा. पहिल्या राउंडच्या पेअरिंगच्या वेळी तीन जण डेस्कवर पैसे मोजत उभे असतील तर बाकीची साठ मुलं पटासमोर अर्धा तास नुसती बसून राहतात, आणि तो उशीर मग प्रत्येक राउंडला पुढे सरकत संध्याकाळचा बक्षीस समारंभ रात्रीवर जातो. रोख घेणार असाल तर फी अशी ठेवा की सुट्ट्याची भानगड नको.

फी अजिबातच नको, फुकट घेऊ, असंही कोणी चांगल्या मनाने सुचवतं. तर फुकट स्पर्धेत नाव देऊन न येणारी मुलं फार असतात, पहिल्या राउंडला दहा बोर्डांवर समोर कोणीच नाही, आणि लांबून आलेल्या मुलाला सकाळी सकाळी वॉकओव्हर मिळतो. फुकटच ठेवायची असेल तर छोटं डिपॉझिट घ्या आणि मूल हजर झालं की डेस्कवर परत द्या. विषम संख्या झाली की बायचाही (त्या राउंडला एका मुलासमोर कोणीच नसतं) प्रश्न येतो, बाय मिळालेल्या मुलाला पूर्ण गुण मिळतो पण गेम मिळत नाही, आणि त्याने फी तर पूर्ण भरलीये. निदान एखाद्या स्वयंसेवकाने किंवा क्लबच्या मोठ्या मुलाने त्या वेळात त्याच्याशी एक मैत्रीचा गेम खेळावा, घड्याळ लावून, नीट. एक माणूस त्यासाठी आधीच सांगून ठेवा.

ऑनलाइन स्पर्धेला हॉल नसतो म्हणून फी कमीच हवी, पण चीटिंग तपासायला आणि कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायला माणसं लागतात, त्यांचे पैसे धरा, बाकी गणित हेच.

रिफंडचे नियम फीच्या शेजारीच लिहा, वेगळ्या पानावर नको. माझ्या मते एवढे पुरतात: एंट्री बंद होण्याआधी नाव मागे घेतलं तर पेमेंटचा कट वजा करून सगळे पैसे परत, त्यानंतर पण पेअरिंग व्हायच्या आधी निम्मे, पेअरिंग झाल्यावर काही नाही, आणि मूल आजारी पडलं तर पुढच्या स्पर्धेत ती फी धरायची. आजारपणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत बसू नका, मुलं आजारी पडतातच. आणि स्पर्धा तुम्ही रद्द केलीत तर पैनपै परत, कटसुद्धा तुमच्या खिशातून. हे शक्य व्हायला एंट्रीचे पैसे वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत, कोणाच्या घरखर्चाच्या खात्यात नकोत, आणि हॉल पक्का होईपर्यंत त्यातला एकही पैसा खर्च करू नका.

दरवर्षी स्पर्धा घेणार असाल तर फी दरवर्षी थोडी थोडी वाढवा, चार वर्षं तीच ठेवून पाचव्या वर्षी एकदम दीडपट केली की लोक नाराज होतात आणि ते साहजिक आहे. वाढवताना कारण एका ओळीत सांगा, हॉलचं भाडं वाढलं, नवी घड्याळं घेतली, जे असेल ते. आणि स्पर्धा झाल्यावर आठवड्याभरात अर्ध्या पानाचा जमाखर्च पालकांच्या ग्रुपवर टाका, किती एंट्र्या, किती फी माफ (नावं नाहीत, फक्त आकडा), कशावर किती गेले, शिल्लक किती आणि ती कुठे ठेवली. तो कागद पुढच्या वर्षीच्या फीच्या मीटिंगला उघडून बसा, पहिल्या कप्प्यातले बरेचसे आकडे त्यातच तयार मिळतात.